आशीर्वाद, विवाह आणि तडजोड : ख्रिस्तसभेपुढील प्रश्न आणि आपली घरे

समलिंगी विवाहाचा प्रश्न आता केवळ पाश्चात्त्य देशांच्या संसदांपुरता राहिलेला नाही. १ एप्रिल २००१ रोजी नेदरलँड्समध्ये अशा विवाहाला जगात प्रथम कायद्याची मान्यता मिळाली. पुढे कॅनडा (२००५), न्यूझीलंड (२०१३), इंग्लंड (२०१४), अमेरिका (२०१५) आणि ऑस्ट्रेलिया (२०१७) या देशांनी तोच मार्ग धरला. आशिया खंडात तैवान (२०१९) आणि थायलंड (२०२५) येथेही असे विवाह कायदेशीर झाले. वसई, मुंबई आणि गोवा येथील आपली तरुण मंडळी शिक्षणासाठी व नोकरीसाठी ज्या देशांत जाऊन स्थायिक होत आहेत, त्यांतील बरेचसे देश या यादीत आहेत. त्यांचे शेजारी, सहकारी आणि कधी कधी त्यांच्याच धर्मग्रामातील कुटुंबे या प्रश्नाशी जोडलेली असतात. तेव्हा हा विषय आपला नाही, असे म्हणून त्याकडे पाठ फिरवणे आता शक्य नाही.

१८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे निवेदन प्रसिद्ध केले आणि जगभर एकच गदारोळ उठला. ‘पोपनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली’ अशा अर्थाच्या बातम्या झळकल्या. काहींनी आनंद व्यक्त केला, काहींना धक्का बसला. ‘ख्रिस्तसभेने अखेर तडजोड केली का?’ हा प्रश्न अनेक भाविकांच्या ओठांवर आला. त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता, घडलेल्या गोष्टी नीट समजून घेऊन द्यावे, असे आम्हांस वाटते.

निवेदनात काय आहे आणि काय नाही

कार्डिनल व्हिक्टर मॅन्युएल फर्नांडेझ यांनी पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने प्रसिद्ध केलेल्या या निवेदनात विवाहाविषयीची शिकवण बदललेली नाही. विवाह हे एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातील, आयुष्यभराचे आणि नव्या जीवाच्या स्वागतास खुले असलेले बंधन आहे, हे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे. नवे आहे ते आशीर्वादाविषयीचे विवेचन. उपासनेच्या विधीत दिला जाणारा आशीर्वाद एक आणि वाटेत भेटलेल्या माणसाने मागितला म्हणून धर्मगुरूंनी उत्स्फूर्तपणे दिलेला आशीर्वाद निराळा, असा भेद तेथे केला आहे. दुसऱ्या प्रकारचा आशीर्वाद समलिंगी जोडप्याने मागितला तर तो नाकारू नये; मात्र त्यासाठी ठरावीक प्रार्थनाविधी तयार करू नये, नागरी विवाहाच्या समारंभाला जोडून तो देऊ नये आणि लग्नाला शोभतील असे पोशाख, खाणाखुणा वा शब्द तेथे असू नयेत, अशी बंधने घातली आहेत.

हा भेद आपल्या लोकांना समजण्यास अवघड जाऊ नये. आपल्याकडे धर्मगुरू कोळीबांधवांच्या होड्यांना आशीर्वाद देतात, नव्या घरांवर, शेतांवर आणि वाहनांवर पवित्र पाणी शिंपडतात. होडीला आशीर्वाद दिला म्हणजे तांडेलाच्या सगळ्या व्यवहारांना प्रमाणपत्र दिले, असे कोणी समजत नाही. मिस्सानंतर डोके वाकवून आशीर्वाद मागणाऱ्याला ‘आधी तुझ्या वर्तनाचा दाखला आण’ असे कोणी म्हणत नाही. आशीर्वाद मागणारा माणूस आपण अपुरे आहोत, आपल्याला देवाची गरज आहे, एवढेच कबूल करीत असतो.

तरीही हे निवेदन सहजपणे पचले नाही, हेही मान्य केले पाहिजे. याच विभागाने मार्च २०२१ मध्ये समलिंगी संबंधांना आशीर्वाद देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेस नाही, असा निर्वाळा दिला होता. पावणेतीन वर्षांनी ‘जोडप्यांना आशीर्वाद’ हे शब्द वाचल्यावर सामान्य भाविक गोंधळला, तर त्यात त्याचा दोष नाही. या विषयावर आणखी खुलाशांची अपेक्षा करू नये, असे निवेदनातच म्हटले होते. परंतु अवघ्या अडीच आठवड्यांत, ४ जानेवारी २०२४ रोजी, विभागाला दुसरे पत्रक काढावे लागले. हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा, साधा असावा, असे त्यात समजावून सांगितले होते. ११ जानेवारी २०२४ रोजी आफ्रिकेतील बिशपांच्या महासंघाने, किन्शासाचे कार्डिनल फ्रिडोलिन अंबोंगो यांच्या स्वाक्षरीने, आमच्या खंडात असे आशीर्वाद दिले जाणार नाहीत असे जाहीर केले, आणि तेही पोपमहोदयांच्या माहितीने व सहमतीने. मार्च २०२४ मध्ये कॉप्टिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने कॅथोलिक ख्रिस्तसभेशी चाललेला धर्मशास्त्रीय संवाद स्थगित केला. दुसऱ्या बाजूला, जर्मनीत एप्रिल २०२५ मध्ये अशा आशीर्वादांसाठी मार्गदर्शक पत्रिका निघाली. पोप लिओ चौदावे यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सर्वांचे स्वागत करण्याच्या पोप फ्रान्सिस यांच्या भूमिकेस दुजोरा दिला. विवाहाविषयीची शिकवण बदलण्याची शक्यता नजीकच्या काळात फारच कमी असल्याचे सांगितले. आणि उत्तर युरोपात आशीर्वादाचे विधी छापले जात आहेत ते मूळ निवेदनास सोडून आहेत, असेही स्पष्ट केले.

इतर ख्रिस्ती मंडळ्यांचा अनुभव

आपल्या अनुभवाची तुलना इतर मंडळ्यांच्या अनुभवाशी केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. अँग्लिकन पंथाच्या जगभरातील बिशपांनी १९९८ सालच्या लॅम्बेथ परिषदेत पारंपरिक शिकवणीचा ठराव मोठ्या बहुमताने संमत केला होता. पाचच वर्षांनी, २००३ साली, अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळीने समलिंगी जोडीदारासोबत राहणाऱ्या जीन रॉबिन्सन यांना बिशपपदाची दीक्षा दिली आणि तडा गेला तो कायमचाच. इंग्लंडच्या मंडळीने मधला मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या सिनॉडने, विवाहाची शिकवण न बदलता समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थना म्हणण्याचा प्रस्ताव २५० विरुद्ध १८१ मतांनी स्वीकारला. त्या वेळचे कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी प्रस्तावाचे स्वागत केले, परंतु जागतिक अँग्लिकन पंथाच्या ऐक्याची जबाबदारी आपल्यावर असल्याने आपण स्वतः त्या प्रार्थना वापरणार नाही, असे सांगितले. हा मार्ग कोणालाच पुरेसा वाटला नाही. एका बाजूला तो अर्धवट वाटला, दुसऱ्या बाजूला विश्वासघात. त्याच महिन्यात ‘ग्लोबल साउथ’मधील अनेक अँग्लिकन प्रांतप्रमुखांनी आर्चबिशपांचे नेतृत्व मानण्यास नकार दिला. उत्तर भारत मंडळी, अर्थात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ही या अँग्लिकन परिवाराची सदस्य असल्यामुळे महाराष्ट्रातील आपल्या कित्येक ख्रिस्ती बांधवांना या दुभंगाची झळ दूरून का होईना, लागते आहे.

युनायटेड मेथडिस्ट मंडळीची कहाणी अधिक कठोर आहे. समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे, असे वाक्य १९७२ साली त्यांच्या नियमग्रंथात आले. २०१९ साली सेंट लुईस येथील विशेष परिषदेपुढे प्रत्येक मंडळीने आपापला निर्णय घ्यावा, अशी एक तडजोड मांडण्यात आली होती. ती फेटाळली गेली आणि पारंपरिक भूमिका ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी जिंकली. परंतु हरलेल्या पक्षाने तो निकाल मनापासून स्वीकारला नाही आणि जिंकलेल्यांतील अनेकांनी मंडळीच सोडण्याची तयारी केली. २०२३ अखेरपर्यंत अमेरिकेतील साडेसात हजारांहून अधिक स्थानिक मंडळ्या, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश, बाहेर पडल्या. २०२४ साली शार्लट येथे उरलेल्यांनी जुनी बंदी उठवली. त्याच महिन्याच्या अखेरीस दहा लाखांहून अधिक सभासद असलेल्या आयव्हरी कोस्टच्या मेथडिस्टांनी मंडळी सोडण्याचा निर्णय घेतला.

या मंडळ्यांना हसण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. दोन्ही बाजूंना प्रार्थनाशील, शास्त्राभ्यासी माणसे होती आणि आहेत. समलिंगी विवाहास अनुकूल असलेले ख्रिस्ती विचारवंत असे म्हणतात की, बायबलमध्ये निषेध आहे तो शोषणाचा आणि स्वैराचाराचा. दोन प्रौढ व्यक्तींच्या एकनिष्ठ सहजीवनाचा विचार त्या काळी झालाच नव्हता. आणि गुलामगिरीबाबत ख्रिस्ती समाजाची समज जशी कालांतराने बदलली, तशीच येथेही बदलेल. या युक्तिवादाला सरसकट अश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु कॅथोलिक ख्रिस्तसभा तो स्वीकारू शकत नाही, यामागे कारण आहे. केवळ निषेधाच्या चार-सहा वचनांवर तिची विवाहाची शिकवण उभी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील स्त्री-पुरुषांची निर्मिती, सूटपत्राच्या वादात प्रभू येशूने त्याच आरंभाकडे दाखवलेले बोट आणि संत पौलाने इफिसकरांस लिहिताना पती-पत्नीच्या नात्यात पाहिलेले ख्रिस्त व ख्रिस्तसभा यांचे रहस्य, या सर्वांवर ती उभी आहे. ज्या गोष्टीची ख्रिस्तसभा मालक नाही, केवळ कारभारी आहे, ती मतदानाने बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे ती मानत नाही.

यरुशलेमची परिषद

मग तडजोड हा शब्दच ख्रिस्ती जीवनात निषिद्ध आहे काय? मुळीच नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्तसभेच्या पहिल्या मोठ्या वादाची हकिकत आहे. यहुदी नसलेल्या नव्या भाविकांनी सुंता करावी की नाही, यावरून अंत्युखियात वाद पेटला. पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले, पेत्राने आपला अनुभव सांगितला, याकोबाने निर्णय मांडला. सुंतेचे ओझे काढून टाकण्यात आले. मात्र मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्यास सांगण्यात आले.

आजच्या वादात दोन्ही पक्ष या अध्यायाचा आधार घेतात. ‘पाहा, बाहेरच्यांना आत घेतले’, असे एक पक्ष म्हणतो. ‘पाहा, लैंगिक शुद्धतेची अट कायम ठेवली’, असे दुसरा म्हणतो. दोघेही खरे सांगतात, पण अर्धेच. त्या परिषदेने एकाच वेळी दोन्ही कामे केली. जे ओझे देवाने घातले नव्हते ते काढले आणि जे शिष्यत्वाचेच अंग होते ते ठेवले. शिवाय, कोणाला काय सवलत दिली आणि कोणाकडून काय अपेक्षित आहे, हे तिने पत्रात स्पष्ट लिहून कळवले. एकच शब्द दोन गटांनी दोन अर्थांनी वाचावा आणि प्रत्येकाने आपणच जिंकलो असे समजावे, अशी संदिग्धता तिने ठेवली नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या तडजोडी कोसळल्या, त्यांच्यात हीच उणीव होती. ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ शिकवणीत ठाम आहे. परंतु ‘जोडप्यांना आशीर्वाद’ या शब्दांच्या मांडणीत ही स्पष्टता आणखी असती, तर बराच गोंधळ टळला असता, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्या अंगणातील तडजोड

येथवर आपण रोम, लंडन आणि अमेरिका यांविषयी बोललो. आता आपल्या घरांकडे वळू.

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारी कलम ३७७ मधील तरतूद रद्दबातल केली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय संसदेचा असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ सालीच, समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवून, अशा व्यक्तींना गुन्हेगार मानण्यास नकार दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही समलैंगिकता हा गुन्हा नव्हे, असे जाहीरपणे म्हटले. कॅथोलिक श्रद्धाग्रंथही (परिच्छेद २३५७ ते २३५९) एकीकडे समलिंगी कृतींचे समर्थन करीत नाही, तर दुसरीकडे या व्यक्तींना आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकारावे आणि त्यांच्याविरुद्ध अन्याय्य भेदभाव करू नये, असे बजावतो. या शिकवणीचा पहिला भाग आपल्याकडे सर्वांना पाठ असतो. दुसरा भाग फार थोड्यांच्या कानांवर पडलेला असतो.

आपल्या समाजात अशा मुलाचे वा मुलीचे काय होते? ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ या समजुतीने त्याचे लग्न ठरवले जाते. मुलगा काही सांगू पाहतो, तर आईच्या रक्तदाबाची आठवण करून दिली जाते. मुलीला परदेशातील स्थळ दाखवले जाते. ज्या घरात ती सून म्हणून जाणार किंवा जेथून त्याच्यासाठी वधू येणार, त्या घराला याची कल्पनाही दिली जात नाही. हॉल ठरतो, पत्रिका छापल्या जातात, वेदीसमोर वचने दिली जातात. आणि दोन-चार वर्षांनी एक तरुणी, जिचा काहीही अपराध नाही, माहेरी परत येऊन बसते. लोक तिलाच नावे ठेवतात.

आमचे वाचकांस विचारणे आहे : विवाह संस्काराशी केलेली तडजोड याहून मोठी कोणती? रोममधील एका निवेदनावर संतापणारे आपण, आपल्याच धर्मग्रामात संस्काराचा असा पडदा म्हणून वापर होत असताना गप्प राहतो. ख्रिस्तसभेचा धर्मकायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. सहजीवनाला गंभीर बाधा आणू शकेल अशी स्वतःविषयीची गोष्ट संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवली असेल, तर कलम १०९८ नुसार तो विवाह वैध ठरत नाही. दडपण वा भीतीपोटी केलेल्या विवाहाविषयी कलम ११०३ हेच सांगते. विवाहाची मूलभूत कर्तव्ये स्वीकारण्यास मानसिक कारणांनी असमर्थ असणाऱ्यांचा विचार कलम १०९५ मध्ये आहे. प्रत्येक प्रकरणाचा निर्णय अर्थातच धर्मप्रांतीय न्यायाधिकरण पुराव्यांवरून करते. परंतु न्यायाधिकरणाचा निकाल हाती येईपर्यंत दोन आयुष्ये आणि दोन कुटुंबे पोळून निघालेली असतात.

काही पालक मुलाला ‘बरे’ करण्यासाठी डॉक्टरांकडे वा मांत्रिकाकडे नेतात. समलैंगिकता हा आजार नव्हे, असे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले आहे आणि अशा ‘रूपांतर उपचारां’ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. काही पालक अशा मुलांना सेमिनरीची वा कॉन्व्हेंटची वाट सुचवतात. धर्मगुरूचे व व्रतस्थांचे जीवन हे देवाच्या हाकेला दिलेले उत्तर आहे. घरातील अडचण लपवण्याची ती जागा नव्हे.

धर्मग्रामाने काय करावे

यातून काही गोष्टी ठरवून करता येतील. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत हा विषय मोकळेपणाने आणि सभ्य भाषेत घेतला जावा. वधू-वरांची स्वतंत्र भेट घेताना धर्मगुरूंनी ‘तू हे लग्न स्वतःच्या इच्छेने करतो आहेस ना?’ हा प्रश्न अर्जावरचा रकाना भरण्यापुरता न विचारता, उत्तर ऐकण्यासाठी विचारावा. पालकांनी हे जाणावे की, खोट्या लग्नापेक्षा खरे बोललेले एक वाक्य अधिक ख्रिस्ती आहे. लग्न थांबले तर चार दिवस चर्चा होईल; लग्न झाले तर परक्याची लेक जन्मभर भोगेल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. समलिंगी आकर्षण असलेल्या भाविकाकडून ख्रिस्तसभा ब्रह्मचर्याची अपेक्षा करते. ही अपेक्षा मोठी आहे आणि तिचे वजन कमी करून सांगण्यात अर्थ नाही. परंतु जी ख्रिस्तसभा एवढे मागते, तिने सोबतही तेवढीच दिली पाहिजे. आपल्या धर्मग्रामांचे सगळे जीवन कुटुंबाभोवती गुंफलेले आहे. अविवाहित माणसाला सणासुदीला, बारशाला, मयताच्या घरीसुद्धा ‘लग्न कधी?’ एवढाच प्रश्न ऐकावा लागतो. त्याला जेवायला बोलावणारी, आजारपणात चौकशी करणारी, गायनवृंदात व सेवाकार्यात मानाने सामावून घेणारी चार घरे जर धर्मग्रामात नसतील, तर आपली शिकवण त्याला शिक्षेसारखीच वाटणार. यात नवल नाही.

तिसरी गोष्ट जिभेची. मिस्सानंतर चर्चच्या आवारात, नाटकांच्या विनोदांत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरांत या व्यक्तींची जी टवाळी होते, ती कोणत्याही धर्मशिकवणीत बसत नाही. तेथे हसणाऱ्यांना ठाऊक नसते की, त्याच बाकावर बसलेला एखादा वेदीसेवक किंवा एखादी आई ते निमूटपणे ऐकत आहे.

जगाच्या पाठीवर हा वाद आणखी बराच काळ चालेल. पोपमहोदय आणि बिशप यांच्या मार्गदर्शनाकडे आपण विश्वासाने पाहावे, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून निष्कर्ष काढू नयेत आणि इतर मंडळ्यांतील बांधवांच्या फुटीवर आनंद मानू नये. विवाहाविषयीची शिकवण आपल्याला मिळालेली ठेव आहे. तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. परंतु ती ठेव जपण्याची जबाबदारी जेवढी रोमची आहे, तेवढीच ती आपल्या धर्मग्रामांतील पालकांची, वडीलधाऱ्यांची आणि धर्मगुरूंची आहे. येत्या लग्नसराईत वेदीसमोर उभे राहणारे प्रत्येक जोडपे खरे बोलून तेथे आले आहे, एवढी काळजी जरी आपण घेतली, तरी विवाहाच्या पावित्र्याची मोठी सेवा आपल्या हातून घडेल.